दोनी उभ्या हायेत

भातकुली तालुक्यातला सगळा राग एकाच माणसाच्या सातबाऱ्यावर चढवायचा असं सरकारनं उद्या ठरवलं, तर तलाठ्याला फार हिंडावं लागणार नाही. त्यानं सरळ माझ्या बायकोच्या मोठेबाबांच्या दारात यावं. मोठेबाबा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. त्यांची हयात एसटीत कंडक्टरकी करण्यात गेली, तीही बहुतेक अकोला-अमरावती गाडीवर. त्या गाडीतल्या दोन पिढ्यांनी त्यांची बोलणी खाल्ली आहेत, आणि त्यातली काही माणसं आजही बाजारात त्यांना पाहिलं की आपण होऊन पुढे सरकतात. निवृत्तीनंतर गाडी सुटली, राग मात्र त्यांच्याबरोबर घरी उतरला. पेपर उशिरा आला की पेपरवाल्यावर चिडायचं, वेळेवर आला की बातम्यांवर. भाजीत सांबार कमी पडला की भाजीवर, जास्त पडला की बाजारावर. (सांबार म्हणजे आमची वऱ्हाडी कोथिंबीर; पुण्याच्या लोकांनी घाबरू नये.) एकदा त्यांनी कुणाला फोन लावला, तेव्हा पलीकडून ‘आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती व्यस्त आहे’ असा यंत्रातल्या बाईचा आवाज आला. मोठेबाबा त्या बाईवर खवळले. “म्या तुले फोन लावला का? तू काहून मधात बोलून रायली?” ती बाई तेच वाक्य पुन्हा म्हणाली. “पाह्य, अजून बोलते! उलट बोलते!” म्हणून त्यांनी फोन चटईवर आपटला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू ती माझी बहीणच होती.

माझ्या लग्नात बँडवाले मांडवाच्या तोंडाशीच नाचणाऱ्यांना धरून उभे राहिले, तेव्हा नवरदेव म्हणून मी घोड्यावर होतो आणि माझं कुणी ऐकत नव्हतं. मोठेबाबा गर्दीत घुसले, बँडच्या मुख्य माणसाचा क्लॅरिनेट हातानं खाली केला आणि ओरडले, “मांगं बाया-लेकरं उभे हायेत, अन् तू दारात गाडी लावतं? पुढं सरक!” बँड सरकला. घोडाही सरकला. मी पडता पडता वाचलो. वऱ्हाडात जावयाला मान मोठा असतो, तो मोठेबाबांनीही मला दिला. म्हणजे मला ते ‘तुमी’ म्हणून शिव्या देतात.

या माणसाबरोबर मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, पन्नास वर्षं कशी राहिली, हा प्रश्न सगळ्या खानदानाला पडलेला आहे. मोठी आई हळू बोलते. इतकं हळू, की ऐकायला माणसाला गप्प बसावंच लागतं. तिनं एक बकरी पाळलेली होती, राणी नावाची. राणीचं आणि मोठेबाबांचं हाडवैर. राणीनं त्यांची खाकी टोपी खाल्ली होती, अर्धी. उरलेली अर्धी टोपी त्यांनी पुरावा म्हणून खुंटीवर जपून ठेवली होती.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मोठी आई न्हाणीत घसरली आणि तिचा खुबा मोडला. अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. शस्त्रक्रिया ठरली, पण तिची साखर वाढलेली, म्हणून डॉक्टर थांबले. माझी बायको तिच्यापाशी राहिली. मोठेबाबाही राहिले, पण अडीचच दिवस. पहिल्या दिवशी ते लिफ्टवाल्याशी भांडले, कारण तो माणसं कोंबत होता. दुसऱ्या दिवशी नर्सशी, कारण तिनं सुई दोनदा टोचली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याशी, कारण तो कण्हत होता. शेवटी मोठी आईनंच त्यांना जवळ बोलावलं. “तुमी घरी जा,” ती म्हणाली. “राणी याची हाये. तिच्यापाशी कोनी नाई.” याची म्हणजे व्यायची. ते पाय आपटत निघाले. त्यांना दोन घास करून घालायला आणि त्यांचा राग झेलायला मला पाठवण्यात आलं. मी शाळेत गणित शिकवतो, दिवाळीला मला तीन आठवडे सुटी मिळते, आणि ती मी एका बकरीच्या बाळंतपणात घालवणार होतो. रागावण्याचा हक्क फक्त त्यांनाच असतो असं नाही. भातकुलीपर्यंत स्कूटरवर आम्ही दोघंही एकमेकांशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राणी व्याली. पहिली पाठ, म्हणजे मादी करडू, झाली ती काळीभोर, धडधाकट. पंधरा मिनिटांत उभी राहून आईच्या सडाला लागलीसुद्धा. दुसरी आली ती ओल्या फडक्यासारखी. पांढरी, तळहाताएवढी, मान टाकलेली. राणीनं तिला एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं. शेजारच्या काकू कुंपणावरून पाहत होत्या. त्या सवयीनं, वाईट मनात न ठेवता म्हणाल्या, “हे काई जगत नाई भाऊजी. त्या एकीलेच पिऊ द्या पोटभर.”

“तुमाले ईचारलं का?” मोठेबाबा गरजले. “डाक्टर हा का तुमी? जगत नाई म्हने! तोंडातून चांगलं निंगत नाई का?” काकू आत गेल्या. मग ते राणीकडे वळले. “अन् तू! माय हायेस का कोन हायेस? एकीले चाटतं, एकीले सोडतं?”

तेवढ्यात माझा फोन वाजला. दवाखान्यातून बायको बोलत होती. मोठी आईची साखर उतरली होती, नऊ वाजता तिला शस्त्रक्रियेला आत नेणार होते, आणि त्याआधी तिला मोठेबाबांशी बोलायचं होतं. मी फोन त्यांच्या कानाशी धरला. मोठी आईचा आवाज मलाही ऐकू आला.

“व्याली का?”

“व्याली.”

“किती?”

“दोन पाठी.”

“दोनी उभ्या हायेत ना?”

मोठेबाबांनी मातीत पडलेल्या त्या पांढऱ्या जिवाकडे पाहिलं. पस्तीस वर्षं त्यांनी गाडीत खोटं बोलणाऱ्यांना ओळखलं होतं, पण त्यांना स्वतःला खोटं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. “दोनी उभ्या हायेत,” ते अगदी शांतपणे म्हणाले. “तू काई टेन्शन घेऊ नको.”

फोन बंद झाला, आणि त्यांनी मला असं धारेवर धरलं की जणू मीच खोटं बोललो होतो. “पाहून काय रायले, मास्तर? पोतं आना! गरम पानी आना! जवाई हा म्हून बसून राहान का?”

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. आम्ही तिला पोत्यानं घासून कोरडी केली, आधी चुलीपाशी आणि मग उन्हात धरली. मोठेबाबांनी तिच्या तोंडात बोट घातलं, ते गार लागलं म्हणून पुन्हा घासली. ती पिऊ शकत नव्हती, तेव्हा राणीचा चीक काढायचं ठरलं. ज्या बकरीला या माणसानं आठ वर्षांत हात लावला नव्हता, तिच्या पोटाखाली तो उकिडवा बसला. राणीनं लाथ मारली. त्यांनी शिवी दिली. तिनं पुन्हा मारली. शेवटी मी तिची शिंगं धरली आणि वाटीत चीक आला. पिवळा, दाट. लेकराच्या बाटलीनं तो थेंब थेंब पाजला. दोन तासांनी बारकीनं जीभ हलवली. बारकी हे नाव त्यांनी ठेवलं नाही, ते नुसतं ओरडण्यात पडलं.

दुपारी शस्त्रक्रिया नीट झाल्याचा फोन आला. मोठेबाबा म्हणाले, “होनारच होतं,” आणि तोंड धुवायला गेले. तोंड धुवायला त्यांना फार वेळ लागला.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या जनावरांच्या डॉक्टरीण बाई संध्याकाळी येऊन गेल्या. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. त्यांनी सांगितलं की दूध थोडं थोडं आणि वेळेवर द्यायचं, कोमट द्यायचं, मान वर ओढून पाजायचं नाही. दोघींना एकत्र पाजताना बारकीला आधी लावायचं आणि रोज वजन करायचं. “थे पोट्टी मले शिकवते,” असं मोठेबाबा म्हणाले, पण बाई फाटकाबाहेर पडेपर्यंत दम धरून. पण केलं सगळं तसंच. वजनाला कापूस मोजायचा हुकाचा काटा काढला. बारकीला कापडी पिशवीत घालून, डोकं बाहेर ठेवून, ते काट्याला टांगत. काळी पाठ अडीच किलोच्या पुढे, बारकी दीडला थोडी कमी. हा आकडा त्यांना वैयक्तिक अपमान वाटे.

खरं युद्ध होतं ते काळीशी. काळी भरल्या पोटीसुद्धा दोन्ही सडांवर हक्क सांगायची आणि बारकीला डोक्यानं ढकलून द्यायची. मोठेबाबांचं रक्त उसळायचं. “उतर! तुह्यं झालं ना? दुसऱ्याले बसू दे!” ते काळीची मागची तंगडी धरून तिला सडापासून ओढत आणि माझ्या मांडीवर टाकत. बारकीचं होईपर्यंत मी काळीला धरून बसायचं. माझ्या तीन शर्टांचं तिनं जे केलं ते इथं लिहीत नाही. पाचव्या दिवशी मी भडकलो. “मोठेबाबा, माझी सुटी आहे ही! तुम्हाला बाकी कुणी भेटलं नाही का?” म्हणालो. ते तितक्याच जोरात म्हणाले, “कोन भेटन मले? कोन उभं राह्यते माह्यापाशी?” काळीनं तेवढ्यात माझ्या शर्टाचं बटण खाल्लं.

बारकी उभी राहू लागली, चार पावलं टाकू लागली. पण काट्यावर ती वाढत नव्हती. त्या पांढऱ्या जिवाचा आकडा तीन दिवस जिथल्या तिथे. मोठेबाबांना ते सहन झालं नाही. आठव्या दिवशी मी बाजारातून परत आलो तेव्हा बाटली दोनदा रिकामी झालेली आणि बारकीचं पोट नगाऱ्यासारखं झालेलं. “पोटभर पाजलं,” ते विजयानं म्हणाले. “घोटभर घोटभर करून लेकरू वाढते का कुठी?”

दुसऱ्या सकाळी बारकीला हगवण लागली. दुपारपर्यंत तिनं मान टाकली, अगदी पहिल्या दिवसासारखी.

डॉक्टरीण बाई आल्या. त्यांनी डोळे पाहिले, कातडी चिमटीत धरून पाहिली, बाटली पाहिली, आणि मग मोठेबाबांकडे वळल्या. “काका, किती सांगितलं होतं मी? तुमचा राग तिच्या पोटात ओतायचा का? लहान जीव आहे तो. तुम्हाला घाई असेल, त्याला नाहीये!” दूध बंद, मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं, आणि औषध. आवाज चढवूनच त्यांनी हे सगळं सांगितलं. मला वाटलं, आता छप्पर उडणार. मोठेबाबा खाली पाहत होते. “होय बाई,” ते म्हणाले. एवढंच.

त्या दिवशी त्या घरात कुणी ओरडलं नाही, आणि मला त्या शांततेची भीती वाटली. बारकीला मांडीवर घेऊन ते चमच्यानं पाणी पाजत होते. अर्धं पाणी धोतरावर सांडायचं. “जवाईबापू,” ते म्हणाले, “म्या तिले खोटं सांगतलं. दोनी उभ्या हायेत म्हनलं. आता ही गेली तं तिले काय सांगू?” मी चमचा घेतला आणि म्हटलं, तुम्ही नुसती धरा, मी पाजतो.

तिसऱ्या दिवशी हगवण थांबली. चौथ्या दिवशी बारकीनं काळीच्या कानाला तोंड लावलं. मग सडाला लागली, स्वतःहून. काळीनं ढकललं. बारकी पडली, उठली, आणि तिनं काळीला आपलं लिंबाएवढं डोकं मारलं. मोठेबाबा अंगणात इतके मोठ्यानं ओरडले की काकू धावत आल्या. “पाह्यलं का? पाह्यलं का वैनी? जगत नाई म्हने!” काकूंनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की डोळे पुसत होत्या, मला दिसलं नाही.

माझी सुटी संपली त्या आठवड्यात मोठी आई घरी आली, वॉकर धरून. खाटेवर बसवल्यावर तिनं पाठी मागितल्या. मोठेबाबांनी दोन्ही तिच्यापुढे ठेवल्या. काळी दुप्पट होती, पण बारकी उभी होती, चार पायांवर, ताठ. मोठी आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. बरगड्या अजून लागत होत्या.

“ही पडली होती ना त्या दिवशी?”

मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली; मी सांगितलं नव्हतं.

“तुमी फोनवर चिडले नाई,” मोठी आई तिच्या हळू आवाजात म्हणाली. “तवाच मले समजलं का काईतरी बिघडलं. पन म्हनलं, हा मानूस खोटं बोलला म्हन्जे आता तिले मरू देनार नाई. मंग मी बिनघोर आत गेली.”

मोठेबाबा काहीतरी पुटपुटले आणि कडबा आणायला निघून गेले. घरात कडबा नव्हता.

परवा होळीनंतर मी भातकुलीला गेलो होतो. मोठी आई आता काठी घेऊन अंगणातून फिरते, पण बकऱ्यांमागे जाणं तिला जमत नाही. बकऱ्या शेजारच्या काकूंच्या कळपाबरोबर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चरायला जातात. मी गेलो तेव्हा कळप निघाला होता आणि मोठेबाबा फाटकाशी उभे होते. राणीमागे दोन पाठी उड्या मारत चालल्या होत्या, एक काळी, एक पांढरी, अंगानं आता सारख्याच. “बारके!” त्यांनी हाक मारली. पांढरीनं कान हलवला. वळली नाही. काळीच्या मागे धावत गेली, बाभळीच्या वळणापर्यंत.

मी वाट पाहिली की आता बेइमान, नमकहराम असं काहीतरी ऐकू येईल.

“येत नाई आता माह्यापाशी,” ते म्हणाले. “आधी मांडीवरून उतरत नव्हती.” “बरंच हाये. पोट भरते तिचं.”

धूळ खाली बसली तरी ते फाटकाची कडी हातात धरून तसेच उभे राहिले, आणि मीही त्यांच्याशेजारी उभा राहिलो.