माझ्या जागी बाबा

इंजिनीअरिंगची शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी चालू राहायची तर सगळे विषय सुटायला हवे होते आणि हजेरी पंचाहत्तर टक्के. विषयांचं मी बघून घेईन, असं बाबांना सांगितलं होतं. हजेरी त्यांनी आपणहून अंगावर घेतली आणि रोज सकाळी माझं डोकं खाल्लं.

बाबा कोराडीच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे बॉयलरच्या कामाला. तिथे कोणी आजारी पडलं की घरातलाच भाऊ नाहीतर मेहुणा बदलीवर जातो आणि खाडा पडत नाही. म्हणून मी तापाने फणफणले त्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, माझा डबा घेऊन माझ्या कॉलेजात गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. मला हे कळलं संध्याकाळी.

मी भडकलेच. "काहून गेले तुम्ही, बाबा? पोट्टे हासतीन ना माह्यावर!"

"हासले तं हासले. सरनं हजेरी नाही लावली, म्हणे इथं बदली चालत नाही. पण बसू देलं." त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला. "वाफेचं शिकवून राहिले होते. मी रोज पाहतो ते, पण असं होते काहून, हे कोणी सांगतलंच नव्हतं."

डॉक्टरचं सर्टिफिकेट दिलं की भागतं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

"उद्या ताप राहिला तं सांगजो वं," बाबा डबा विसळता विसळता म्हणाले, "सरचं ते वाफेचं आज अर्धंच झालं."