उजव्या घडवंचीवरचा टॅबलेट

बार्बा प्रोद्रोमोसला आधी लाल अक्षरं दिसेनाशी झाली. चर्चच्या पोथ्यांत स्तोत्रं काळ्या शाईत असतात आणि सूचना लाल शाईत: हे पद अमक्या चालीत, हे दोनदा, हे आज गाळायचं. काळं दिसायचं, लाल विरून जायचं. ईस्टरच्या आधीच्या उपासात त्यानं एक गाळायचं पद खणखणीत आवाजात गायलं. समोरच्या, डाव्या घडवंचीवरून दुसरा गायक मारिनोस खाकरला. त्या खाकरण्याचा अर्थ साऱ्या चर्चला कळला.

प्रोद्रोमोस माझ्या नवऱ्याच्या मावशीचा, आनेत्ताचा नवरा. सगळं गाव त्याला बार्बा म्हणतं, म्हणजे काका. धंद्यानं गवंडी, चुन्याशिवाय दगडी बांध रचणारा. पण माझ्या सासरच्या या बेटावर त्याची ओळख चर्चमधला गायक अशीच. पोथ्या ठेवायच्या दोन घडवंच्या असतात. उजवी मुख्य गायकाची, डावी दुसऱ्याची. डॉक्टरांनी सांगितलं, नजरेचा मधला भाग जातोय, आहे तेवढा टिकवू. वाचता आलं नाही तर उजवी घडवंची मारिनोसकडे जाणार. हे कुणी बोलत नव्हतं, पण ठाऊक सगळ्यांना होतं.

शहरातले गायक आता टॅबलेटवरच वाचतात. रोजची स्तोत्रं एका वेबसाइटवर आयती मिळतात आणि दोन बोटांनी अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. बार्बा बंदरावरच्या दुकानात गेला. दुकानदारानं दोन दाखवले. एक घरच्या वायफायवर चालणारा, दुसरा सिम कार्ड घालून कुठेही चालणारा. दुसरा महाग, शिवाय दर महिन्याचा खर्च वेगळा. बार्बाचा जीव दुसऱ्यावर. चर्चमध्ये वायफाय नाही आणि रानातल्या छोट्या देवळांत तर वीजही नाही. ही देवळं एकेका घराण्याची. वर्षातून एकदा, त्या त्या संताच्या सणाला उघडतात, आणि तेव्हा गायक लागतोच.

कॉफीच्या दुकानात हाच विषय चालला.

"पोथीला सिम लागत नाही," मारिनोस म्हणाला.

"डोळे लागतात. तुझे देतोस?"

"देतो की. पण मग आवाजही माझाच ऐकावा लागेल लोकांना."

"नको. लोकांनी काय पाप केलंय?"

पापा-स्तेलिओस, आमचे धर्मगुरू, मध्ये पडले. "बार्बा, गावातल्या चर्चची काळजी सोडा. माझ्या फोनवरून तुमच्या टॅबलेटला इंटरनेट देईन."

"आणि फोन घरी विसरलात तर? ईस्टरला धूपदान विसरला होतात."

"ते सापडलं होतं."

"सापडलं होतं, पायरीवर. मांजर हुंगत बसलं होतं."

आनेत्तामावशीचं म्हणणं सरळ होतं. "बोटीवर जाताना पाव घरून नेतोस ना? का समुद्रात बेकरी शोधतोस? घरच्या वायफायवर उतरवून घे आणि ने."

शेवटी मी म्हटलं, "बार्बा, माझा टॅबलेट वायफायचाच आहे. आधी तो वापरून बघा, मग ठरवा." त्यावर मी चिपळूणच्या बहिणीशी बोलते, तेवढाच त्याचा उपयोग.

संत पांतेलेइमोनचा सण सत्तावीस जुलैचा. देऊळ खाली दरीत. आदल्या संध्याकाळची प्रार्थना महत्त्वाची. म्हणून सव्वीसच्या दुपारी बार्बा आमच्याकडे बसून स्वतः स्तोत्रं उतरवत होता. मला हात लावू देईना. "तारीख मी बघतो पोरी. हे तुझं काम नाही."

दरीत पोचलो तेव्हा ऊन अजून होतं. यजमानांनी आशीर्वादासाठी पाच पाव मांडून ठेवले होते. पापा-स्तेलिओसनी सुरुवात केली. रोजची पदं बार्बाला पाठ, ती झाली. मग त्यानं संताची स्तोत्रं उघडली, टॅबलेट नाकाशी नेला, आणि थांबला. अक्षरं मोठी, स्वच्छ होती. नावं दुसऱ्याच संतांची होती.

झालं होतं असं. चर्चचा दिवस संध्याकाळी सुरू होतो, म्हणून गायकाच्या हिशेबी सत्तावीस तारीख लागली होती. बार्बानं सवयीनं सत्तावीस दाबली. पण वेबसाइटवर संध्याकाळची प्रार्थना साध्या कॅलेंडरप्रमाणे, सव्वीसच्या पानावर होती. बार्बानं दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळची, म्हणजे अठ्ठावीसच्या संतांची आणली होती. जन्म गाण्यात घालवलेला माणूसच ही चूक करू शकतो. माझ्यासारखीनं मुकाट आजची तारीख दाबली असती.

पापांनी झग्यातून फोन काढला, दारात जाऊन वर धरला. रेंज नाही. यजमान वरच्या खळ्यापर्यंत चढून आले. तिथेही नाही. दोन्हीकडे नुसता खडक. लोक एकमेकांकडे बघू लागले. मी मनात म्हटलं, देवा, तुझ्या दारात याची लाज राख.

मारिनोस डावी बाजू सोडून आला. त्याच्या पिशवीत जुलैची पोथी होती. आता हा गाणार, असंच सगळ्यांना वाटलं. त्यानं पोथी उजव्या घडवंचीवर उघडली, बार्बाच्या खांद्याशी उभा राहिला आणि पहिली ओळ हळू आवाजात नुसती सांगितली. बार्बानं ती गायली. मग पुढची. मठांतली जुनी रीत आहे ही, एकानं सांगायचं, दुसऱ्यानं गायचं. आमच्या गावात कुणी केलेली मी पाहिली नव्हती. प्रार्थना नीट पार पडली.

नंतर बाहेर पाव आणि मातीच्या भांड्यात शिजलेले चणे खाताना बार्बानं विचारलं, "पोथी कशाला आणली होतीस?"

"तुझ्यावर विश्वास नव्हता."

"बरं केलंस. वाढ तिकडचे चणे."

सण झाल्यावर तो बंदरावर गेला आणि बिनसिमचा टॅबलेट घेऊन आला, मोठ्या पडद्याचा. दुकानदारानं पुन्हा पुन्हा विचारलं, तर म्हणाला, "दरीत दोन्ही मुकेच. मग मुक्याला दर महिन्याला पगार कशाला?"

आता रानातल्या देवळाला जायचं असलं की तो घरूनच स्तोत्रं उतरवतो आणि मारिनोसला फोन करून पहिली ओळ वाचून दाखवतो. मारिनोस पोथीत बघून हो म्हणाला की टॅबलेट पिशवीत जातो. उजवी घडवंची अजून बार्बाकडेच आहे. लाल अक्षरं त्याला आता बोटाएवढी दिसतात. तरी गाळायचं पद जवळ आलं की मारिनोस डावीकडून खाकरतो. फरक इतकाच, की आता आधी खाकरतो.