बारा ते तीनचा पार

मला याद्या करायची सवय आहे. बाजाराची, औषधांची, लग्नात कोणाला बोलवायचं याची. त्यामुळे गावच्या देवळातल्या भजनी सप्ताहाची यादीही बरीच वर्षं माझ्याकडेच आहे. सप्ताहात भजन अखंड चालतं. तीन तासांचा एक पार, आणि प्रत्येक पार ठरलेल्या घराचा. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा ते तीन हा पार भाईच्या घराचा. भाई म्हणजे माझा चुलत भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याच्यासारखा पखवाज गावात दुसरा कोणी वाजवत नव्हता.

सुर्ल्याच्या बाजूला खनिजाच्या ट्रकांच्या एका वर्कशॉपात तो स्टोअर सांभाळायचा. तिथले सुटे भाग चोरीला गेले आणि एका सकाळी पोलीस त्याला घरातून घेऊन गेले. त्याची बायको, माझी वयनी, धावत माझ्याकडे आली. मी तिला बसवलं, चहा दिला आणि कागद घेतला. एक, अटक का केली ते त्याला सांगायला हवं. दोन, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायला हवं. तीन, वकील मिळणं हा त्याचा हक्क. परवडत नसेल तर सरकार देतं. चार, स्वतःविरुद्ध बोलायला त्याला कोणी भाग पाडू शकत नाही. पाच, गुन्हा सिद्ध होईपर्यंत तो निर्दोष.

"पाचवां परत वाच," वयनी म्हणाली.

मी वाचलं. तिने कागदाची घडी करून पोलक्यात ठेवली.

तिसऱ्या दिवशी डिचोलीच्या कोर्टात जामीन झाला. जामीनदार मीच. भाईचे कपडे, रक्तदाबाच्या गोळ्या, कागदांच्या प्रती, सगळं वेळेवर पोचवलं होतं. मला माझंच कौतुक वाटत होतं.

पुढच्या महिन्यात सप्ताहासाठी कमिटीची बैठक झाली.

"तेका बसयलो तर आदी टाळ मोजून ठेवूंक जाय," एकजण म्हणाला. सगळे हसले. मीही थोडा हसलो.

"हसतात किते?" अध्यक्ष म्हणाले. "आमोण्यातले, वाळपईचे लोक येतात भजनाक. ते घर यादीतून काढ."

मी मध्ये पडलो. काढू नका, 'निकाल लागेपर्यंत' बाजूला ठेवू, असं सुचवलं. सगळ्यांना पटलं. मी घराचं नाव पेन्सिलीने खोडलं, म्हणजे पुढे पुसता येईल, आणि समोर ते दोन शब्द लिहिले. मी भाईचा पार वाचवला असंच मला वाटलं. कागदावरचा पाचवा मुद्दा तेव्हा आठवलाही नाही.

भाईला सांगायला मीच गेलो. तो अंगणात नारळ सोलत होता.

"निकाल केन्ना?"

"वर्षभरात लागेल."

"बरें." आणखी एक नारळ सोलून झाल्यावर तो हसत म्हणाला, "कोर्टाच्या आदी तूच दिलोस रे निकाल."

मग तारखा पडत गेल्या. कधी साक्षीदार आला नाही, कधी न्यायाधीश बदलले. तारखांची वही माझ्याकडे आहे, ती भरली. सहा वर्षांचे सहा सप्ताह झाले. दर वर्षी दुसऱ्या दिवशी दुपारी भाई देवळात यायचा, हात जोडायचा आणि बाहेर पायरीवर बसायचा. आत पखवाज चुकला की त्याची थाप मांडीवर पडायची, नेमकी समेवर. शेवटच्या दोन वर्षांत तीही पडेना.

मग भाई गेला. छातीत कळ आली आणि तासाभरात संपलं. वकिलांनी मृत्यूचा दाखला मागितला, तो मी कोर्टात दिला. आरोपी मयत, सबब त्याच्याविरुद्धचा खटला बंद. पाच मिनिटंही लागली नाहीत.

बाहेर येऊन मी वकिलांना विचारलं, "मग निकाल?"

"मेलेल्या माणसाचा निकाल लागत नाही. दोषी म्हणून नाही, निर्दोष म्हणूनही नाही."

वर्षश्राद्ध झालं आणि मी यंदाची यादी केली. कमिटीला न विचारता शाईने लिहिलं, भाईचं घर, बारा ते तीन. प्रत घेऊन वयनीकडे गेलो. तिने ती वाचली, देव्हाऱ्याच्या खणातून पाच मुद्द्यांचा तो जुना कागद काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. जुना कागद घड्यांवर विरला होता.

"दोनूय अक्षरां तुझींच," ती म्हणाली. "तो आसताना लिहिलें आसतें तर आनंदान आयिल्लो. आतां घरात कोण आसा पार धरपाक?"

भाईची एकुलती मुलगी लग्न होऊन लांब गेली आहे.

सप्ताहाच्या दुसऱ्या दिवशी बारा वाजता आधीच्या पाराचं घर उठलं. भजन तुटता कामा नये, म्हणून मीच झांज घेऊन बसलो. पखवाज कोपऱ्यात तसाच राहिला. अध्यक्ष बघत होते. मला ताल येत नाही. तीन वाजेपर्यंत मी चुकतच वाजवत राहिलो, आणि प्रत्येक वेळी चुकल्यावर नजर बाहेर पायरीकडे जात होती.