टपालानं शिकलेलं गणित

आमच्या कोरीट गावच्या शाळेतले माझे मास्तर नसते, तर सातवीच्या फायनल परीक्षेचं नावही मी काढलं नसतं. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे झालं त्यात त्यांचा तिळमात्र दोष नाही.

गावची शाळा पाचवीला संपायची. शेत दोघा भावांपुरतं, मी तिसरा. म्हणून मामांनी मला अक्कलकुव्याला लाकडाच्या वखारीत चिकटवून दिलं. डोंगरातून ओंडके घेऊन येणाऱ्या गाडीवानांची बोली मला निम्मी कळायची नाही. निघताना मास्तर म्हणाले होते, "बाहेरून फायनलला बस. पास झालास की मास्तरकी मिळेल, घराजवळ येशील. गणित मी टपालानं शिकवतो." घराजवळ येशील, एवढ्यावरच मी तिथं दिवस काढत होतो.

शाळेत आमचं गणित तोंडानं चालायचं. पावकी, निमकी सगळ्यांनी एका सुरात म्हणायची. एखादा चुकला की मास्तरांची छडी टेबलावर वाजायची आणि चूक तिथल्या तिथं मरायची. वखारीत मी ओंडक्यावर बसून एकटाच उदाहरणं सोडवायचो, कागद टपालात टाकायचो आणि वाट बघायचो. उत्तर यायला पंधरवडा तरी लागे. तोवर आपण काय विचार करून काय लिहिलं होतं, तेच आठवायचं नाही.

"काय आप्पा, टपालमा गणित शिकी ऱ्हायना?" आमचा मुकादम विचारायचा. "उद्या लगीन बी टपालमाच करशी का?" सगळे हसायचे. मीही हसायचो आणि कागद गुडघ्याखाली लपवायचो.

पावसाळ्याच्या तोंडावर मास्तरांनी गोल वस्तूंचा धडा पाठवला. विहिरीचा घेर आणि पाण्याची खोली दिलेली. पाणी किती, ते काढायचं. रीत सविस्तर लिहिलेली होती, पण ती माझ्या डोक्यात शिरेना. मुकादमाला विचारलं, तर तो म्हणाला, "इतलंच ना? घेराना चौथा हिस्सा ले, त्याले त्यानाच घाई गुण, मंग लांबीघाई गुण. सरकार बी असंच मोजस." चौथ्या हिश्श्याला त्याच हिश्श्यानं गुणायचं, मग लांबीनं; रोज ओंडके मोजताना मीही तेच करत होतो. मला एकदम हायसं वाटलं. भराभर उत्तर काढून पाठवलं.

मग तापीला पूर आला, नाले तुंबले, टपाल अडकलं. मी मात्र थांबलो नाही. विहिरी, हौद, धान्याच्या कणग्या, सगळं त्याच चौथ्या हिश्श्यानं मोजत गेलो. मिळतील तितकी उदाहरणं सोडवली. हात बसला. आपल्याला गणित येतं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

पाऊस ओसरल्यावर मास्तरांचा कागद आला. "हा नियम लाकडाचा आहे. साल आणि तासताना वाया जाणारा भाग त्यात आधीच सोडलेला असतो. विहिरीला साल नसते, बाळ."

समोर असते, तर पहिल्याच ओळीला छडी वाजली असती. इथं ती वाजायला अख्खा पावसाळा गेला होता.

परीक्षा तोंडावर आली होती. खरी रीत घोकली, पुन्हा पुन्हा लिहिली. नंदुरबारला पेपर हातात घेतला तर कणगीचंच उदाहरण. माझ्या शेजारी गावची पोरं होती, मास्तरांच्या ओसरीवर बसून शिकलेली; त्यांच्या पेन्सिली थांबत नव्हत्या. आणि माझा घाबरलेला हात पावसाळाभर गिरवलेल्या चौथ्या हिश्श्याच्याच वाटेनं गेला. बाहेर आल्यावर एकानं विचारलं, "तुन्हं कितलं उनं?" मी आकडा सांगितला. त्यानं आपला सांगितला, तो बराच मोठा होता. तेव्हाच मला कळलं.

बाकीच्या विषयांत पास झालो. गणितात गेलो. गावची पोरं पास झाली.

"पुन्हा बस," असं मास्तरांनी कळवलं. त्यांच्या अक्षरांच्या ओळी आता खाली घसरत जातात. मास्तरांना नीट दिसत नाही. त्यांना कोणत्या तोंडानं सांगू, की गणिताचा कागद उघडला की पहिल्याच ओळीला मी तो मिटून ठेवतो? आईनं मला परत बोलवायचं सोडून दिलंय. मीही गावाच्या रस्त्याकडे बघायचं सोडलंय.

परवा गावाहून आलेला एकजण सांगत होता, मास्तरांच्या घराचं छप्पर पेलणारं आढं वाळवीनं खाल्लंय. पास होऊन त्यांचे पांग फेडणं माझ्या नशिबी दिसत नाही. पण मास्तर, एक दिवस सागाचं सरळ, निरोगी आढं निवडून मी स्वतः गाडीवर घालून आणीन आणि तुमच्या घरावर चढवीन. एवढं तरी करीनच.