सेवेरिनाबाईंच्या रेघा

सेवेरिनाबाईंनी ग्दान्स्कमध्ये एकतीस वर्षं ट्राम चालवली. पाणी कुठे तुंबतं हे त्यांना तोंडपाठ होतं. आमच्या इमारतीसमोर रूळ बुडाले की त्या ट्राममधून खाली उतरून लिंडनच्या खोडावर, पाणी चढलं तिथे रंगाची रेघ मारायच्या. आम्ही हसायचो.

पुढे नव्या ट्रामचं काम निघालं. निवृत्त सेवेरिनाबाईंनी अधिकाऱ्यांना त्या रेघा दाखवल्या आणि सुचवलं, रुळांमध्ये गवत लावा. आपल्या मोटारी उभ्या राहतात तिथे पावसाचं पाणी थांबून जिरेल असा लांब खड्डा करा. त्यासाठी इमारतीतल्या सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. अडली ती माझीच.

"असा पाऊस वर्षातून दोनदा येतो, बाई. गाडी मला रोज लागते."

"रोज? अहो लुडविक, कबुतरांनी तिच्यावर संसार थाटलाय! त्यांची सही घेऊ का?"

मी दार आपटलं. त्यांच्या नामदिनाला, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताच्या दिवशीही गेलो नाही. आमच्याकडे नामदिनाचं बोलावणं नसतं, आठवण असेल तो येतो. त्यामुळे न जाणं सगळ्यांना दिसतं.

मग ऑगस्टात तळघर बुडालं. माझी बायको यादविगा वारण्याआधी आलुबुखाराचा मुरांबा करून गेली होती. वरच्या फळीवरच्या तीन बरण्या वाचल्या, बाकी सगळ्या गटाराच्या पाण्यात. सेवेरिनाबाई आपणहून बादली घेऊन आल्या. प्रत्येक बरणी टाकण्याआधी तिच्यावरची यादविगाच्या अक्षरातली चिठ्ठी अलगद सोडवून त्या वाळत घालत होत्या. सहीबद्दल चकार शब्द नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी मी सही केली, गाडीही विकली.

रुळांमधलं गवत आणि खड्डा तयार झाला, आणि यंदा जुलैत तसाच पाऊस कोसळला. खड्डा काठोकाठ भरला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी जिरलं. ट्राम एकदाही थांबली नाही. मी तळघरात उतरलो, तर जमीन कोरडी ठणठणीत. तिथेच पायरीवर बसून रडलो.

ऑक्टोबरात त्यांच्या नामदिनाला एक बरणी घेऊन गेलो.

"आठवण झाली म्हणायची!" त्या म्हणाल्या. मग बरणी पाहून त्यांनी ती माझ्याकडे परत सरकवली. "ही नको. तिच्या हातची आहे. तीनच उरल्यात."

"तिने खायलाच केला होता. आणि यंदा वाचल्या त्या तुमच्यामुळे. तुमचे उपकार मी कधी फेडू?"

"आधी पाव कापा."

मी पाव कापला. त्यांनी बरणी उघडण्याआधी चिठ्ठी सोडवली, तिच्यावरची नसलेली धूळही एकदा पुसली आणि माझ्या खिशात ठेवली.