नहार मुँह आणि माझी न्याहारी

माझ्या सासरी सगळ्यांत गोड माणूस म्हणजे माझा धाकटा दीर, आणि हे मी म्हणत नाही, सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी नळीत उकळून सिद्ध केलं होतं.

माधव त्याचं नाव. मी लग्न होऊन नळदुर्गला आले तेव्हा तो चौदा-पंधरा वर्षांचा, काडीसारखा, आणि त्याला मधुमेह. म्हाताऱ्यांना होतो तो नव्हे, पोरांना होतो तो. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई टोचली नाही तर माणूस हाती लागत नाही. (आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या औषधाला 'सुलीन' म्हणायच्या, एखाद्या सुशील मुलीला हाक मारावी तसं.) रिवाजाप्रमाणे मी त्या एवढ्याशा पोराला 'भाऊजी' म्हणायची आणि अहो-जाहो करायची. तो मला वहिनी म्हणायचा. बाकी घरात मला कुणी काहीच म्हणत नव्हतं, कारण माझ्याकडं बघायला कुणाला सवडच नव्हती!

दिवेलागणीला देवापुढच्या समईच्या आधी आमच्याकडं न्हाणीघराजवळ स्पिरिटचा दिवा लागायचा. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात भाऊजींच्या लघवीचे थेंब, आणि नळी ज्योतीवर. निळी राहिली तर साखर नाही. हिरवी झाली तर थोडी, पिवळी झाली तर जास्त, आणि विटेसारखी लाल झाली तर घरात सुतक. मामंजी, म्हणजे सासरे, कचेरीत पेशकार होते. ते चष्मा पुसून नळी उजेडाकडं धरायचे. आत्याबाईंचं सोवळं असं, की माझा पदर लागला तर पाण्याची घागर ओतून द्यायच्या. त्या मात्र त्या नळीपुढं हात जोडून उभ्या! त्यांच्या मागं आमचे 'हे'. आणि सगळ्यांच्या मागं मी, टाचा उंच करून. माझ्या अंगावरच्या लुगड्याचा रंग कोणता, हे त्या घरात कुणी छातीठोक सांगू शकलं नसतं, पण नळीचा रंग शेजाऱ्यांनासुद्धा ठाऊक असायचा.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते, आणि आमच्या मुलखावर राज्य निजामाचं. औषध मिळायचं सरहद्दीपलीकडं सोलापूरला, तेही मुश्किलीनं. हे आणायला जायचे तेव्हा मी मनात म्हणायची, शहरात जातायत, येताना चार बांगड्या तरी आणतील. हे यायचे ते ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली दोन्ही हातांत धरून, बाळंतिणीनं पोर धरावं तशी. सरहद्दीच्या नाक्यावरच्या शिपायानं 'यात काय आहे' म्हणून फडकं सोडायला लावलं, तर हे त्याच्याशी भांडून आले होते. (माझ्यासाठी ते आयुष्यात कुणाशी भांडले नाहीत. एकदा माझ्याशीच भांडले, पण ते वेगळं.) मग ती बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत जायची. उन्हाळाभर मी पत्र्याखालच्या खोलीत उकडून निघायची आणि बाटली गारव्याला. मला त्या बाटलीचा हेवा वाटायचा. हसायचं तर हसा, पण वाटायचा.

सगळ्यांत वर्मी लागलं ते संक्रांतीला. नव्या सुनेची पहिली संक्रांत म्हणजे काळं लुगडं आणि हलव्याचे दागिने. माझ्या आईनं परंड्याहून हलव्याचं मंगळसूत्र, बाजूबंद, कंबरपट्टा असं सगळं एकेक दाणा ओवून पाठवलं होतं. आत्याबाईंनी डबा उघडला आणि झाकला.

"साखर अंगावर घालून त्या लेकरापुढनं फिरणार व्हय गं तू?"

कारण घरात गोड बंद होतं. त्याला नाही तर कुणालाच नाही! होळीला पुरणसुद्धा तिखट झालेलं मी त्या घरात खाल्लं आहे. डबा शेजारी गेला. शेजारच्या पोरींनी माझा कंबरपट्टा ओट्यावर बसून कुडुम कुडुम खाल्ला आणि मी खिडकीतून बघत राहिले. त्या दिवशी मी ठरवलं, या पोराच्या आजारात आपलाही काहीतरी वाटा असला पाहिजे, त्याशिवाय या घरात आपल्याला कुणी मोजणार नाही.

संधी दुसऱ्याच दिवशी दारात आली, सायकलवर बसून. सरकारी दवाखान्याचे डॉक्टरसाहेब मूळ हैद्राबादचे, डोक्याला गोंड्याची लाल टोपी, बोलणं सगळं उर्दूत. भाऊजी शाळेत, मामंजी कचेरीत, हे सोलापूरला. आत्याबाई दाराआड उभ्या. त्यांना उर्दूतलं 'सलाम' तेवढं कळायचं. मी पदर सारखा करून पुढं झाले. माझे वडील परंड्याला मास्तर, ते घरात उर्दूचे धडे मोठ्यांदा घोकायचे आणि मी भाकरी थापता थापता ऐकायची. म्हणजे मला उर्दू येत होतं असा माझा समज होता.

"देखो बहन, कल से सुबह नहार मुँह पेशाब जाँचना. लाल आया तो दवा दो निशान बढ़ाना," डॉक्टरसाहेब म्हणाले. "समझ गए ना?"

"जी हाँ," मी म्हटलं, आणि असं ठसक्यात म्हटलं की ते खुशाल सायकलवर टांग टाकून निघून गेले.

आत्याबाईंनी विचारलं, काय म्हणाले? त्या घरात मला विचारला गेलेला हा पहिला प्रश्न. मी एकेक शब्द सोडवला. मुँह म्हणजे तोंड. नहार म्हणजे? आता हैद्राबादच्या माणसाची जीभ, 'न्याहारी'ला 'नहार' म्हणणारच की! मी सांगून टाकलं, "उद्यापासून सकाळची न्याहारी झाली, की त्याच तोंडी तपासायचं. लाल आली तर सुईत दोन रेघा औषध वाढवायचं."

"न्याहारी झाल्यावर? असं कसं?"

"हैद्राबादची नवी रीत आहे," मी म्हटलं.

संध्याकाळी मामंजींनीही मान डोलावली. तीस वर्षं कचेरीत उर्दू लिहिलेला माणूस, पण डॉक्टरांचे मूळ शब्द काय होते हे त्यांनी विचारलं नाही, आणि मी आपण होऊन कशाला सांगतेय?

न्याहारीचं खातं अर्थातच माझ्याकडं आलं. माझा हुरूप विचारू नका. ज्वारीची गरम भाकरी, वर लोणी, तांदळाची उकड, वाटीभर दूध. भाऊजी "बास वहिनी, बास" म्हणायचे आणि मी आणखी वाढायची. मग नळी ज्योतीवर चढायची, आणि लाल! अशी लाल की आत्याबाई मटकन खाली बसल्या. औषध दोन रेघांनी वाढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल, पुन्हा दोन रेघा. संध्याकाळी मात्र नळी निळीशार, म्हणून सगळे खूश, की वाढवलेलं औषध लागू पडतंय. हे पहिल्यांदाच माझ्याकडं बघून म्हणाले, "बरं झालं तू होतीस." त्या वाक्यावर मी आठवडा काढला. भाऊजी दुपारची खा-खा करायला लागलेत, हात थरथरतायत, वाटेल तसं चिडतायत, हे मला दिसत होतं. पण घरातल्या लाडक्या पोरानं चिडायचं नाही तर काय मी चिडायचं, असं म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही.

मग पौष पुनवेची खंडोबाची जत्रा आली. सकाळी न्याहारी, लाल नळी, वाढीव सुई असा सगळा नेम करून आम्ही बैलगाडीतून निघालो, आणि गर्दीमुळं शेवटचा पल्ला चालत गेलो. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय जेवायचं नाही असा आमच्या घरचा नेम, आणि नैवेद्याची रांग पार नदीपर्यंत गेलेली. मी आत्याबाईंची नजर चुकवून रेवड्यांच्या पालाकडं सटकले. वर्षभर गोडाचा कण तोंडात नव्हता. रेवड्यांचा पुडा घेऊन पालामागं पहिली रेवडी तोंडात टाकते न टाकते तोच रांगेकडून गलका ऐकू आला.

धावत जाऊन बघते तर मधोमध भाऊजी. पौषाच्या थंडीत घामानं सदरा अंगाला चिकटलेला, डोळे भलतीकडं, पाय लटपटतायत. मामंजींना म्हणतायत, "ए म्हाताऱ्या, सरक तिकडं." ज्या पोरानं बापापुढं कधी मान वर केली नाही, त्यानं! एका वाघ्यानं ते बघितलं आणि भंडाऱ्याची मूठ उधळली.

"आंगात आलंय! पोराच्या आंगात मल्हारी आलाय!"

झालं. येळकोट येळकोटचा गजर झाला, माणसं भराभर पाया पडायला लागली. एका बाईनं तर हरवलेली म्हैस कुठं आहे ते विचारून घेतलं. आत्याबाईंनी पदर पसरून त्याच्या पायावर डोकं ठेवलं, "देवा, काय चुकलं आमचं?" ह्यांनी टोपी काढून हात जोडले. आणि मी? मी मागं उभी राहून जळत होते. आजारी हाच, लाडका हाच, आता देवही हाच! देवानं आख्ख्या जत्रेत याच्याच अंगात यायचं? माझ्या अंगात आला असता तर त्याचं काय बिघडलं असतं? निदान आत्याबाई एकदा माझ्या पाया पडल्या असत्या.

तेवढ्यात भाऊजींची नजर माझ्या हातातल्या पुड्यावर आली. ते अडखळत माझ्यापर्यंत आले आणि माझं मनगट धरलं. हात माठासारखा गार आणि ओला. जड जिभेनं म्हणाले, "वहिनी... द्या ना."

"देव मागतोय, दे त्याला," आत्याबाई म्हणाल्या.

"देव नाही तो, माधव आहे," मामंजी ओरडले. "गोड म्हणजे विष आहे त्याला. खबरदार दिलंस तर."

आता आली का पंचाईत! देव असेल तर दिलंच पाहिजे आणि माधव असेल तर देताच कामा नये. आणि खरं सांगायचं तर मला कळलं होतं तो कोण आहे. खंडोबा मला वहिनी कशाला म्हणेल? समोर एक भुकेलं, भ्यालेलं पोर उभं होतं आणि त्याला त्या सगळ्या गर्दीत मागायला मीच सापडले होते. मी पार घाबरून गेले. विष तर विष, पण एवढं तोंड वेंगाडून मागतंय ते द्यायचं, एवढंच डोक्यात आलं. मी रेवड्या बोटांनी चुरून चुरून त्याच्या तोंडात घातल्या. मामंजी माझा हात ओढायला आले तर लोकांनीच त्यांना धरलं, देवाचा नैवेद्य अडवता म्हणून. कुणी गूळ आणला, तोही मी पाण्यात कालवून पाजला. थोड्या वेळानं भाऊजींनी डोळे पुसले, अंगावरच्या भंडाऱ्याकडं बघितलं आणि विचारलं, "हे काय लावलंय मला?"

"देव गेला," वाघ्या म्हणाला, आणि लोक पांगले. म्हैसवाली तेवढी तिथंच रेंगाळत होती.

त्याच गाडीतून दवाखाना गाठला. डॉक्टरसाहेबांनी नाडी बघितली, सगळं ऐकून घेतलं आणि मामंजींना विचारलं, सकाळी नहार मुँह रंग काय होता? मामंजी म्हणाले, न्याहारीनंतर लालच होता, रोज असतो.

"नाश्ते के बाद?" डॉक्टरसाहेबांची टोपी हलली. "पेशकारसाहब, आप भी? नहार मुँह यानी खाली पेट!"

मामंजींनी सावकाश मान वळवून माझ्याकडं बघितलं. मग आत्याबाईंनी, मग ह्यांनी. वर्षभर ज्या घराचं लक्ष वेधायला मी तडफडत होते, ते सगळं घर एकदम माझ्याकडं बघत होतं! पोटभर खाल्ल्यावर या आजारात नळी लाल दिसणारच, त्यावर रोज औषध वाढवत गेलात, पोराच्या अंगातली साखरच संपली, आज पोर गेलंच होतं, असं डॉक्टरसाहेब बोलत होते आणि मी मनातल्या मनात परंड्याची गाडी किती वाजता असते ते आठवत होते.

"और मीठा किसने खिलाया?" त्यांनी विचारलं.

पुन्हा सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी चिकट बोटं पदराला पुसली.

"उसी ने बचाया," डॉक्टरसाहेब म्हणाले.

मारणारीही मीच आणि तारणारीही मीच! आत्याबाईंना मला शिव्या द्याव्यात की कुंकू लावावं ते कळेना. शेवटी त्यांनी दोन्ही केलं, आधी शिव्या. पण निकाल लावला भाऊजींनी. गाडीत माझ्याशेजारी बसून म्हणाले, "इथनं पुढं सुई वहिनीच देतील मला." मामंजी दचकले. तेव्हा पोरगं म्हणतंय, "म्हणजे काही चुकलं तर कुणाला धरायचं ते तरी ठाऊक असेल."

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ सुई माझ्या हाती आली. दगडावर घासून टोक काढायचं, मग ती उकळायची, रेघ डोळ्यापुढं धरून मोजायची, सगळं मी. निजामाचं राज्य गेलं, माझी पोरं झाली, पण सुई मी कुणाच्या हातात दिली नाही. ह्यांनी एकदा हौसेनं मागितली तर मी त्यांना माठ भरायला पाठवलं. भाऊजी दंड पुढं करायचे, मी टोचायची, ते "हं" म्हणायचे. तेवढ्यावर माझा दिवस जायचा.

मग माधवभाऊजींचं लग्न झालं. जाऊ आली ती सोलापूरची, चुणचुणीत, नर्सबाईकडं शिकून आलेली. पहिल्याच सकाळी मी उठून बघते तर सुई उकळून, टोचून, पुसून डबीत! भाऊजी दंड चोळत हसत उभे.

"वहिनी, सुटलात बघा तुम्ही," ते म्हणाले. "हिचा हात लई हलका आहे. कळलंच न्हाय टोचलेलं."

मी तोंडभर हसले. बरं झालं बाई, म्हटलं, किती वर्षं करायचं. जावेच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला. आणि दुपारी तिच्या पानातल्या आमटीत तेवढं मूठभर मीठ जास्त पडलं. काय करणार, माझा हातच जड!