दाजींनी मागितलेली पेटी

विटेवर समचरण उभ्या असलेल्या पांडुरंगा, आणि भरतीचे पाणी ज्याच्या पायाशी येऊन माघारी फिरते त्या श्री देव कुणकेश्वरा, तुम्हा दोघांना या म्हाताऱ्याचा साष्टांग दंडवत. जी वाणी तुम्ही नामस्मरणासाठी दिलीत, तिने मी काय करून ठेवले ते आता चारचौघांत सांगणार आहे. सांभाळून घ्या.

आता काय सांगू तुम्हाला! चहा घ्या आधी, निवेल. चुका कोणाच्या हातून होत नाहीत? पण माझी चूक इतकी जड होती की ती टेम्पोतून उतरवायला चार माणसे लागली. हसू नका. पुढे हसावे की रडावे हे तुमचे तुम्हालाच कळणार नाही, जसे ते मला आजही कळत नाही.

जामसंड्यात आमचा एक सेवा क्लब आहे. दर शनिवारी संध्याकाळी शाळेच्या सभागृहात बैठक भरते. प्रथम प्रार्थना, मग मागील कामाचा आढावा, मग पुढील कामाची वाटणी, आणि शेवटी बटाटेवडा. काही सभासद थेट चौथ्या कलमाला येतात, पण येतात. नेत्रतपासणी, रक्तदान, समुद्रकिनाऱ्याची सफाई अशी कामे आम्ही यथाशक्ती करतो. मी निवृत्त शिक्षक, त्यातून टाळकरी-माळकरी. म्हणून क्लबाने दोन जबाबदाऱ्या माझ्या गळ्यात घातल्या. प्रार्थनेच्या वेळी पेटी वाजवणे ही एक, आणि गरजूंना द्यावयाचे साहित्य सांभाळणे ही दुसरी.

या साहित्यात चाकांच्या खुर्च्या होत्या, कुबड्या होत्या, आणि एक पेटी होती. ही दुसरी पेटी, बरे का! विजेवर चालणारी, थंड, वर काचेचे झाकण असलेली. आपल्याकडे निम्मे घर मुंबईस असते. इथे कोणी डोळे मिटले की चाकरमानी मुलगा पोचेपर्यंत देह ठेवावा लागतो. त्यासाठी ती आणलेली. तिचे पूर्ण नाव कोण उच्चारणार? घरात माणूस गेलेला असताना 'शव' हा शब्द तोंडाला नकोसा होतो. म्हणून मागणारेही म्हणत 'पेटी', आणि देणारेही म्हणत 'पेटी'.

आणि वाजवायची? तीही पेटीच! दोन्ही पेट्यांचा राखणदार मी. आले का लक्षात, मी कोणत्या खड्ड्याकडे चाललो होतो ते?

माझे स्नेही दाजी कुणकेश्वराच्या वाटेवरच्या एका वाडीत राहत. डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याच्या, भजनात उभ्या तालुक्याला डोलायला लावणारा बुवा! ते गात आणि शेजारी बसून मी पेटी वाजवी. आमची निम्मी हयात अशी गेली. पण त्या उन्हाळ्यात दाजी अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी हात टेकून घरी पाठवले होते. म्हणजे काय ते तुम्ही जाणताच. अन्न सुटले, आवाज पार खोल गेला. मुंबईहून मुलगा प्रकाश गाडीत बसला होता. घरात वहिनी आणि सून सुलभा, माझीच विद्यार्थिनी.

त्या शनिवारी बैठक ऐन रंगात असताना सुलभाचा फोन आला. बाजूला गॅलरीत जाऊन मी तो घेतला. आमच्याकडची रेंज तुम्हाला ठाऊक आहे. चार शब्दांतले दोन समुद्रावर जातात. त्यात पोर रडत होती.

"गुरुजीनू, क्लबाची पेटी मोकळी आसा काय?"

"आहे. सुले, अगं, दाजी...?"

"दाजींचां काय..." खरखर. "...तुमकाच बोलवा म्हणान त्येंनीच सांगल्यानी होतां. पेटी घेवन तुमीच येवा, गुरुजीनू."

केवढा हा विश्वास! जाण्यापूर्वी माणूस सांगून ठेवतो की माझी पेटी गुरुजींनीच आणावी! माझे डोळे भरून आले. पण कर्तव्य प्रथम. मी विचारले, "घरात लाईट आहे ना?"

"आसा, ओटयेर मोठो बल्ब लावलो हा. तुमका वाचूक बरां दिसात."

वाचूक? दुःखात माणूस काहीही बोलतो, असे मी मनाशी म्हटले. "आणि प्रकाश केव्हा पोचेल?"

"सकाळी येतलो. तवसर पेटी रवांदे आमच्याकडेच."

"अर्थात! तोवर पेटी हलवायची नाही."

"गुरुजीनू, मागच्या खेपेक तिचो आवाज फाटको येय होतो..."

"ती दुरुस्त करून घेतली आहे. आता अजिबात आवाज येत नाही."

"आवाजच येणा नाय?"

"मुळीच नाही. आत काय चालले आहे ते बाहेर कळतसुद्धा नाही. निश्चिंत राहा."

"मगे ती वाजवतल्यात कशी..." खरखर, आणि फोन बंद.

एखाद्या सावध माणसाने इथे थांबून विचार केला असता. मी सभागृहात जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "मित्रहो, दाजीबुवा आपल्यातून निघून गेले."

सारे उभे राहिले. मौन झाले. आणि मग मी बोललो. काय बोललो म्हणून विचारता! देह म्हणजे पांडुरंगाने चार दिवस वाजवायला दिलेले वाद्य आहे, तो ते परत मागतो तेव्हा दुःख कसले, असे काहीबाही. आमचे अध्यक्ष नाना, ज्यांना आंब्याचा भाव पडल्याखेरीज कशाचेच वाईट वाटत नाही, त्यांनी रुमाल काढला. माझे भाषण चांगले झाले हे मला बोलतानाच कळत होते, आणि खोटे कशाला सांगू, मित्राच्या मरणातही मला त्याचे थोडे बरे वाटले. तेवढ्यात नानांनी दाजींचा हार घातलेला एक जुना फोटो शोधून श्रद्धांजली क्लबाच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती वाडीच्या ग्रुपवर गेली, भजनमंडळाच्या गेली, मुंबईकरांच्या गेली. बटाटेवड्याला त्या दिवशी कोणी हात लावला नाही. आमच्या क्लबात याहून मोठा शोक नाही.

टेम्पो बाबलोचा. हंगाम असल्यामुळे पठ्ठ्या दिवसभर आंबे वाहत होता. फोनवर म्हणाला, "पेटी? पाच डझनी काय सहा डझनी?"

"बाबलो, दाजी गेले रे."

"अरे देवा! इलंय, इलंय."

आम्ही चौघे छातीवर क्लबाचे बिल्ले लावून पेटीजवळ बसलो. मी वाटेत तुळशीची माळ आणि हार घेतला.

दाजींच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, टेम्पो थांबला तेव्हा दिवेलागण झाली होती. ओटीवर वाडीतली माणसे झांजा आणि भजनाच्या वह्या घेऊन बसलेली. नाना माझ्या कानाशी लागले, "गुरुजी, भजनाची तयारीपण केली हा. बरां घराणां!" आम्ही चौघांनी पेटी उतरवली आणि माना खाली घालून, पावले मोजत, ओटीपर्यंत आणली.

झांजवाले आमच्याकडे बघतच राहिले. सुलभा दारात आली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "धीर धर, मुली. सगळे त्याच्या इच्छेने होते."

"गुरुजीनू," ती म्हणाली, "पेटी खंय?"

"ही काय."

तिने पाहिले. आणि मग ओटीच्या कोपऱ्यातून, बाजल्यावरच्या गोधडीतून, कापसासारखा एक आवाज आला.

"गुरुजी, ही खंयच्या पट्टीची? काळी चार काय पांढरी सहा?"

दाजी! डोळे उघडे! मान उशीवर कलती, पण नजर थेट त्या काचेच्या झाकणावर!

माझ्या हातातला हार गळून पडला. नाना "शिवशिव" म्हणत दोन पावले मागे सरले आणि तुळशीवृंदावनावर आपटले. वहिनी आतून धावत आल्या. बाजले आणि पेटी यांच्या मधे दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. ती बाई आयुष्यात माझ्याशी कधी मोठ्याने बोललेली नव्हती.

"ह्यां कित्याक हाडलात? माझो घोव जितो आसा! दिसाचो आसा, घडयेचो आसा, पण आसा! त्येंका एक भजन आयकूचां होतां. तुमच्या हातची पेटी आयकान जावचां होतां. वाडयेतली पेटी वाळवीन खाल्ल्यान म्हणान क्लबाची मागितलंव, आणि तुमी ही हाडलात? उचला! उचला ती माझ्या दारातसून!"

एका मरणाऱ्या माणसाने मित्राकडे सूर मागितला, आणि मित्राने त्याच्यासमोर त्याचे मरण आणून ठेवले होते, वर ते दुरुस्त करून घेतल्याची ग्वाही देऊन!

इतक्यात सुलभाचा फोन वाजला. प्रकाश. वाटेत गाडी कुठेशी जेवायला थांबली होती आणि त्याने ग्रुप उघडला होता. फोन स्पीकरवर नव्हता तरी त्याचे रडणे साऱ्या ओटीला ऐकू येत होते. "माका थांबले नाय गे! बाबा माका थांबले नाय!"

"आसत रे, जिते आसत!" सुलभा ओरडत होती. "गुरुजींची चूक झाली!" तो ऐकेना. पोरगी आपल्याला धीर देण्यासाठी खोटे बोलते आहे, असे त्याला वाटले. तिने फोन दाजींच्या तोंडाशी धरला.

"पका... मियां... आसंय."

पलीकडे रडे थांबले. मग प्रकाश म्हणाला, "कोण बोलता? माझ्या बापाशीचो आवाज माका ठावक नाय? बाबांका देवा!"

दाजींच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आले ते मला झोपेतही दिसते. पेटी पाहून ते चेष्टा करू शकले होते. पण पोटच्या पोराला आपला आवाज ओळखू येऊ नये? ज्या आवाजावर सारा जन्म काढला तो? त्यांनी डोळे मिटून घेतले.

मला काहीतरी करायचे होते. जामसंड्याला जाऊन खरी पेटी आणीपर्यंत त्यांचा धीर टिकेल असे वाटेना. तेव्हा मी बाजल्याशी खाली बसलो आणि त्यांचा आवडता अभंग गाऊ लागलो.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे. मी वाजवतो. गात नाही. मी गाऊ नये असे स्वतः दाजींनीच मला तरुणपणी बजावले होते. पण त्या वेळी मी डोळे मिटून, असेल त्या स्वरात ध्रुवपद ओढले. झांजवाल्यांनी भीत भीत झांज धरली. नाना वृंदावनाशेजारून उठून आले आणि समोर सापडले त्यावर ठेका धरू लागले. ते त्या पेटीचे झाकण आहे हे त्यांनाही कळले नाही आणि कोणी सांगितलेही नाही.

दुसरी ओळ मी धरली, आणि बाजल्यावरून एक हात वर आला.

"थांबा!" दाजी म्हणाले. "कोमल लागता थंय. कितक्यांदा सांगलां!"

आणि ते गायले. एकच ओळ. बारीक, थरथरता, पण जागच्या जागी बसणारा सूर.

फोनमधून हुंदका आला. "बाबा! बाबाच ते!"

"मगे कोण?" दाजी म्हणाले. "दमान ये. आणि सुले, तुझ्या गुरुजींका सांग, गावा नकात."

बाबलोने ती पेटी परत नेली आणि शाळेतली आणली. मी वाजवली. दाजी ओठ हलवत होते. वहिनींनी मला चहा दिला, पण माझ्याकडे पाहिले नाही, आणि ते बरोबरच होते.

सकाळी प्रकाश पोचला. दुपारी, त्याच्या मांडीवर डोके ठेवून, दाजी गेले. थंड पेटी मागवावी लागलीच नाही. ज्याची वाट पाहायची तो उशाशी होता.

स्मशानातून परतून त्याच संध्याकाळी बोलावलेल्या खास बैठकीत मी उभा राहिलो. म्हणालो, "मित्रहो, दाजीबुवा गेले."

कोणी उठले नाही. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"गुरुजी, नक्की?"

"मी स्वतः खांदा दिला, नाना."

तरीही खुर्च्या जागच्या हलेनात. मागच्या रांगेतून कोणीतरी अगदी सद्भावनेने विचारले, "दाजींका इचारलात?"

बा देवा म्हाराजा, ह्यो किस्सो ज्येणी ज्येणी कान देवन आयकलो, त्येंच्या लेकराबाळांक सुखी ठेव, गुराढोरांक राख, घरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांक तुझां नाव घेवक येळ दी. जी माणसां लांब आसत, त्येंका येळेर आपल्या घराक पोचव रे म्हाराजा. आणि तुम्ही सगळ्यांनी मोठ्याने म्हणा, होय म्हाराजा!